डीटीएचच्या वार्षिक रिन्यूअलसाठी सतत फोन, ‘आज केलं नाहीत तर बॉक्स बंद’ – काय करावं?

मिरजकर (प्रश्न)

आईवडील मिरजेला असतात, मी पुण्यात. घरी डीटीएच आहे, एचडी बॉक्स, वार्षिक पॅक. तो पुढच्या महिन्यात संपतोय. बाबांना वेगवेगळ्या दहा आकडी नंबरांवरून फोन येताहेत. सूर सगळ्यांचा एकच: तुमचा बॉक्स जुना झालाय, या आठवड्यात बंद पडणार, आजच्या आज वार्षिक रिन्यूअल केलंत तर नवा बॉक्स फुकट, आत्ता एक ओटीपी येईल तेवढा सांगा. बाबा एका फोनवर ‘बरं, चालू द्या’ असं काहीसं म्हणाले आणि नंतर खात्यात स्वयंपाकाची एक आणि भक्तिगीतांची एक अशा दोन सेवा चालू झालेल्या दिसल्या.

बघणं मोजकंच आहे. मराठी मालिकांच्या तीन वाहिन्या, मराठी बातम्या, सह्याद्री आणि भारताचे क्रिकेट सामने. पॅकमध्ये मात्र ढीगभर वाहिन्या आहेत.

विचारायचं ते असं: वार्षिक पॅक पुन्हा घ्यावा की महिन्याचा? फोनवरचा होकार बंधनकारक असतो का? नको त्या वाहिन्या काढून बिल किती खाली येतं? कंपनी बदलली तर बॉक्स आणि छत्री कामाला येते का? आणि दाद कुठे मागायची? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण फोन खरंच कंपनीचे आहेत की नाहीत हेच कळत नाहीये.

हिशोबी

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, पण आधी बिल उलगडू. ते समजलं की फोनवर कुणी काहीही सांगितलं तरी माणूस गडबडत नाही.

बिलाचे तीन भाग असतात. पहिला नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे एनसीएफ: वाहिन्या घरापर्यंत आणून देण्याचं भाडं. दुसरा पे चॅनेलची, म्हणजे वेगळे पैसे लागणाऱ्या वाहिन्यांची किंमत, सुटी किंवा पॅकमधून. तिसरा या दोन्हींच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी. फ्री टू एअर वाहिन्यांना वेगळी किंमत नसते, त्या एनसीएफमध्येच येतात. दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्या तर सगळ्यांना द्याव्याच लागतात, त्यामुळे सह्याद्रीसाठी कुठलाही पॅक लागत नाही. ‘सह्याद्री हवं तर मराठी पॅक घ्या’ असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे.

एनसीएफ १३० रुपये हा सरकारी दर आहे असं अजून अनेकांना वाटतं. ट्रायने, म्हणजे या क्षेत्राच्या सरकारी नियामकाने, ती कमाल मर्यादा घातली होती हे खरं. आधी १३० रुपयांत १०० वाहिन्या होत्या, २०२०च्या दुरुस्तीने त्याच पैशांत २०० झाल्या आणि त्यापुढे कितीही वाहिन्यांना १६० रुपये. पण जुलै २०२४च्या दुरुस्तीने ही मर्यादा काढून टाकली. आता प्रत्येक कंपनी आपला एनसीएफ ठरवते आणि तो तिला वेबसाइटवर जाहीर करावा लागतो. त्यामुळे जुन्या आकड्यावरून भांडू नका, जाहीर केलेला आकडा उघडा आणि बिलाशी जुळवा. घरात दुसरा टीव्ही असेल तर त्याचा एनसीएफ वेगळा लागतो. २०२०च्या दुरुस्तीत तो पहिल्याच्या ४० टक्क्यांच्या वर नेता येत नव्हता, आता तोही कंपनीच्या दरपत्रकातच बघा.

तुमच्या घरचा नमुना हिशोब. एनसीएफ १३० धरू. मालिकांच्या तीन वाहिन्या, प्रत्येकी १९ रुपये धरल्या तर ५७. बेरीज १८७, त्यावर जीएसटी ३३.६६, एकूण २२०.६६ रुपये महिना. १९चा आकडा अशासाठी की त्याहून महाग वाहिनी प्रसारकाला पॅकमध्ये घालता येत नाही, म्हणून लोकप्रिय मालिकांच्या वाहिन्या सहसा त्याच्या आतच ठेवतात. हा एसडीचा हिशोब झाला, एचडीची किंमत वेगळी असते. प्रत्यक्ष किंमत तुमच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक वाहिनीपुढे लिहिलेली असते, ती घालून गणित पुन्हा करा.

आता पॅक. पॅकची किंमत त्यातल्या सुट्या वाहिन्यांच्या बेरजेपेक्षा जास्तीत जास्त ४५ टक्के कमी असू शकते. म्हणजे सुटी बेरीज १०० असेल तर पॅक ५५च्या खाली जात नाही. यावरून कसोटी अशी: पॅकमधल्या ज्या वाहिन्या घरात खरंच बघतात तेवढ्यांचीच सुटी बेरीज करा. ती पॅकच्या किमतीपेक्षा कमी भरली तर सुट्या घ्या, जास्त भरली तर पॅक घ्या. एकाच प्रसारकाच्या चार-पाच वाहिन्या बघत असाल तर पॅक जिंकतो. तीन प्रसारकांची एकेक वाहिनी बघत असाल तर जवळजवळ नेहमीच सुट्या स्वस्त पडतात.

दोन ठिकाणी पैसे गळतात. एकच वाहिनी एसडी आणि एचडी अशा दोन्ही रूपांत चालू असते. एकाच पॅकमध्ये दोन्ही घालायला बंदी आहे, पण दोन वेगळे पॅक घेतले की हे घडतं. दुसरं म्हणजे किंमत ‘कराविना’ सांगितली जाते. फोनवर ३२० ऐकलेला पॅक खात्यातून ३७७.६० कापतो. किंमत विचारताना ‘सगळा कर धरून’ हे शब्द तोंडात ठेवा.

क्रिकेटसाठी स्पोर्ट्स वाहिनी बारमाही ठेवू नका. भारताचे सामने कुठल्या वाहिनीवर आहेत ते बघून तेवढ्यापुरती सुटी जोडा आणि नंतर काढा. किमान किती दिवस ठेवावी लागते ते जोडण्याआधी अ‍ॅपमध्ये वाचा.

आरजी_सिक्स

‘बॉक्स बंद पडणार’ याबद्दल. यात खऱ्याचा थोडा अंश असतो, म्हणूनच लोक फसतात. कंपनीने प्रसारणाचं कम्प्रेशन बदललं, म्हणजे एमपेग-२ वरून एमपेग-४ वर गेली, की जुने बॉक्स खरोखर निकामी होतात. पण असा बदल एका घरापुरता, एका आठवड्याच्या मुदतीत आणि खासगी मोबाइल नंबरवरून कळवला जात नाही. तो पडद्यावर पट्टी म्हणून येतो, अ‍ॅपमध्ये येतो, कंपनीच्या नावाच्या एसएमएसने येतो. शिवाय तुमच्याकडे एचडी बॉक्स आहे. एचडी बॉक्स एमपेग-४ चेच असतात, त्यामुळे हे कारण तुम्हाला लागूच होत नाही.

घरी येणारा माणूसही ‘बॉक्स गेला’ म्हणून नवा गळ्यात मारतो. त्याआधी एवढं पाहा. बॉक्सवर एकही दिवा लागत नसेल तर संशय आधी अ‍ॅडॉप्टरवर घ्या, बॉक्सवर नाही. बॉक्सखालच्या स्टिकरवर किती व्होल्ट, किती अ‍ॅम्पिअर ते छापलेलं असतं, बऱ्याच बॉक्सना १२ व्होल्ट लागतात. व्होल्ट तेवढेच, अ‍ॅम्पिअर तेवढे किंवा जास्त, पिन त्याच मापाची आणि त्याच ध्रुवतेची, असा अ‍ॅडॉप्टर इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतो.

दिवा लागतोय पण चित्र नाही, तर मेनूत सिग्नलचं पान उघडा. तिथे दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ चांगली आणि क्वालिटी शून्य म्हणजे बहुतेक वेळा छत्री हललीये. दोन्ही शून्य म्हणजे वायर, कनेक्टर किंवा एलएनबी (छत्रीपुढचा सिग्नल पकडणारा भाग) यांत बिघाड. आपल्याकडे पावसाळ्यात सगळ्यात जास्त त्रास कनेक्टरचा. छत्रीकडचा एफ-कनेक्टर उघडला की तांब्याची तार हिरवट पडलेली दिसते. तेवढा भाग कापून टाकायचा, वायर नव्याने सोलायची, तार कनेक्टरच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटरच ठेवायची, जाळीचा एकही केस तारेला टेकू द्यायचा नाही आणि वरून रबराची चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची. जोरदार सरीत चित्र जाऊन पाऊस ओसरल्यावर परत येत असेल तर काहीच बिघडलेलं नाही, उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात.

रिचार्ज करूनही ‘सबस्क्राइब केलेले नाही’ असं दिसतं, तेव्हाही बॉक्स बदलू नका. परवानगीचा संदेश उपग्रहातूनच बॉक्सला येतो. बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद असला की तो हुकतो. बॉक्स पूर्ण चालू करून एखादी वाहिनी लावून ठेवा, अ‍ॅपमधून हेवी रिफ्रेश (हा संदेश पुन्हा पाठवण्याची विनंती) द्या, अर्धा तास थांबा. बरेच दिवस बंद असलेल्या बॉक्सला हे हमखास लागतं.

कंपनी बदलण्याबद्दल. बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालत नाही. बॉक्स कुठल्याही कंपनीला चालावा अशी शिफारस ट्रायने २०२०मध्येच केली आहे, पण ती व्यवहारात आलेली नाही. छत्री, खांब आणि चांगल्या स्थितीतली आरजी-६ वायर मात्र पुन्हा वापरता येते, फक्त दिशा बदलावी लागते. नव्या जोडणीवाल्याने या सगळ्याचे पैसे लावले तर ती ओळ बिलातून काढायला सांगा.

दिशेचा विचार फ्लॅटवाल्यांनी आधी करावा. मिरजेहून बघितलं तर टाटा प्लेचा ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने साधारण १५३ अंशांवर आणि क्षितिजापासून ६८ अंश वर, म्हणजे चांगलाच डोक्यावर असतो. दूरदर्शनच्या मोफत डीडी फ्री डिशचा ९३.५ अंश रेखांशाचा साधारण १३० अंशांच्या दिशेला, आणि एअरटेलचा १०८.२ अंश रेखांशाचा ११४ अंशांच्या दिशेला, क्षितिजापासून ४७ अंशच वर. पूर्वेला उंच इमारत असेल तर सगळ्यात आधी हा शेवटचा अडतो. नुसतीच पश्चिमेची गॅलरी असेल तर यातला एकही मिळत नाही, गच्चीच गाठावी लागते. पैसे भरण्याआधी मोबाइलच्या कंपासवर हे बघून घ्या.

ग्राहकहक्क

फोनकडे वळतो. असे फोन बरेचदा कंपनी करत नाही, डीलर किंवा त्याने नेमलेली मुलं करतात. पॅक कधी संपतोय याची यादी त्यांच्याकडे असते. आणि डीलरला खरी कमाई नव्या अ‍ॅक्टिव्हेशनवर असते, जुन्या ग्राहकाच्या साध्या रिचार्जवर फारशी नसते. म्हणून ‘रिन्यूअल’ या नावाखाली नवं कनेक्शन विकलं जातं. नवा बॉक्स, नवा सबस्क्रायबर आयडी, नव्या अटी. जुन्या आयडीवरची शिल्लक तिथेच अडकते आणि जुना बॉक्स तो माणूस घेऊन जातो. ‘फुकट बॉक्स’ म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारा: माझा आयडी तोच राहणार का? दुसरा प्रश्न: हा बॉक्स माझ्या मालकीचा की भाड्याचा? विकत घेतला तर किमान वर्षाची वॉरंटी असते. भाड्याचा असेल तर डिपॉझिट किती, परत कधी आणि मध्येच सोडलं तर किती कापणार, हे अर्जावर छापलेलं असतं. अर्जाची प्रत आणि पावती मिळाल्याशिवाय जुना बॉक्स हातातून सोडू नका.

होकाराबद्दल: ग्राहकाच्या संमतीशिवाय वाहिनी किंवा पॅक चालू करता येत नाही. संमती घेतली होती हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीची आहे. ‘बरं, चालू द्या’ एवढ्यावर त्यांचं समाधान झालं असेल तर त्या कॉलचं रेकॉर्डिंग मागा. पण ओटीपी सांगितला असेल तर गोष्ट वेगळी. ओटीपी हीच त्यांच्या दृष्टीने संमती, मग भांडण अवघड होतं. म्हणून घरात एकच नियम लावा: आलेल्या फोनवर काहीही ठरवायचं नाही. ‘मुलगा बघतो’ म्हणून फोन ठेवायचा. जे करायचं ते आपण स्वतः अ‍ॅप उघडून किंवा कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरला फोन लावून. बॉक्सवर ९९९ क्रमांकाच्या वाहिनीवर ग्राहक सेवेची माहिती असते, तिथला नंबर खरा. गुगलवर शोधून मिळालेला ‘कस्टमर केअर’ नंबर अजिबात नको.

आणखी एक, आजच्या आज करण्यासारखं: खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बाबांचा असेल तर बदलून तुमचा करा. ओटीपी आणि सगळे एसएमएस पुण्यात येतील, बाबांकडे सांगायला काही उरणारच नाही.

स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगणं, व्हॉट्सअ‍ॅपवरून एपीके फाइल (फोनमध्ये परस्पर अ‍ॅप बसवणारी) पाठवणं, ‘केवायसी’साठी एक रुपया भरायला लावणं, यातलं काहीही झालं तर तो विक्रेता नाही, भामटा आहे. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर नोंद. गेले नसतील तरी संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’मध्ये नंबर कळवा.

नुसत्या प्रचाराच्या फोनसाठी १९०९ वर सगळे प्रमोशनल कॉल बंद करून घ्या. त्यानंतरही फोन आला तर ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपमधून तक्रार करा. २०२५च्या दुरुस्तीपासून त्यासाठी सात दिवसांची मुदत आहे, पूर्वी तीनच दिवस मिळायचे. ‘तुमचा पॅक अमुक तारखेला संपतोय’ हा सेवेचा निरोप, तो येत राहील. त्याच फोनवर महागडा पॅक विकायला घेतला की तो प्रचार.

मिरजकर

खूपच उपयोगी. नंबर बदलायला टाकलाय. स्टेटमेंट उघडलं तर त्या दोन सेवांपुढे ‘पहिले काही दिवस मोफत’ असं आहे आणि आता रोज थोडे थोडे पैसे कापले जाताहेत. अ‍ॅपमध्ये मात्र पॅकच्या यादीत त्या दिसतच नाहीत. शिवाय बाबांच्या यूपीआयमध्ये एक ऑटोपे दिसतोय, तो डीटीएचचा की कुठल्या ओटीटीचा ते नावावरून कळत नाही.

हिशोबी

त्या सेवा म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या वाहिन्या, त्यांना प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणतात. अ‍ॅपमध्ये त्या पॅकखाली नसून ‘सेवा’ किंवा ‘अ‍ॅड ऑन’ अशा नावाखाली वेगळ्या असतात. टीव्हीवर त्या वाहिनीवर गेलात तर पडद्यावर बंद करण्याचा नंबर दिसतो, नोंदवलेल्या मोबाइलवरून त्यावर मिस्ड कॉल किंवा एसएमएस द्यायचा असतो. त्यासाठी तुमचा नंबर खात्यावर चढेपर्यंत थांबा, नाहीतर विनंती फुकट जाते. बंद झाल्याचा एसएमएस जपून ठेवा आणि दोन दिवसांनी शिल्लक पुन्हा बघा. रोजची कपात खरंच कमी झाली का, हाच पुरावा.

ऑटोपेबद्दल: यूपीआय अ‍ॅपमध्ये प्रोफाइल, मग ऑटोपे किंवा मॅन्डेट, त्यावर टॅप केलं की कुणाच्या नावाने, कमाल किती रकमेपर्यंत आणि कुठल्या तारखेपर्यंत हे सगळं दिसतं. कमाल रक्कम आणि नेहमीची कपात यांत फरक असतो, तोही बघा. तिथूनच रद्द करता येतं, पिन लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते, तो एसएमएस शोधलात तर व्यापाऱ्याचं नाव सापडेल. गूगल प्ले स्टोअरमधून घेतलेलं ओटीटी असेल तर मात्र प्ले स्टोअरच्या ‘पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन रद्द करावं लागतं. नुसतं अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं तर पैसे कापले जातच राहतात. ही गैरसमजूत फार पसरलेली आहे.

ग्राहकहक्क

कापलेले पैसे परत मागा, रक्कम छोटी म्हणून सोडू नका. असंख्य घरांत छोट्या रकमा सोडल्या जातात, त्यावरच हा प्रकार पोसला जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार नावानिशी दिलेले आहेत. न विचारता टोपलीत वस्तू घालणं, खोटी घाई निर्माण करणं, रद्द करायची वाट लपवून ठेवणं हे तिन्ही त्यात आहे. तक्रारीत या तत्त्वांचा उल्लेख करा.

क्रम असा ठेवा. आधी ग्राहक सेवेकडे तक्रार आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक. नंबर दिला नाही तर ती तक्रार झालीच नाही असं समजा. त्यांनी दाद दिली नाही तर राज्याचा नोडल अधिकारी, त्याचं नाव-ईमेल वेबसाइटवर ग्राहक विभागात असतं. ईमेलमध्ये एवढंच लिहा:

‘सबस्क्रायबर आयडी अमुक. माझ्या खात्यावर दि. अमुक रोजी अमुक सेवा माझ्या संमतीशिवाय सुरू करण्यात आली. संमती घेतल्याचा आपला दावा असल्यास त्या कॉलचे रेकॉर्डिंग किंवा ओटीपीची नोंद पाठवावी. सेवा सुरू झाल्यापासून कापलेली अमुक रुपये रक्कम करासह खात्यात जमा करावी. ग्राहक सेवेतील तक्रार क्रमांक अमुक, दि. अमुक. सोबत स्टेटमेंटचे पान.’

राग, इतिहास, धमकी काही नको. एक सेवा, एक रक्कम, एक तारीख. रेकॉर्डिंगची मागणी असलेल्या ईमेलला साचेबद्ध उत्तर देता येत नाही, म्हणून ते वाक्य गाळू नका.

ट्रायकडे वैयक्तिक तक्रार लिहून फारसं निघत नाही, ट्राय ती सोडवत नाही, कंपनीकडे पुढे पाठवते. त्याऐवजी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे मराठीत बोलता येतं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. आणि २०१९च्या कायद्यामुळे तक्रारदार राहतो तिथल्याच आयोगात, म्हणजे तुमच्या बाबतीत सांगलीत दाखल करता येते. मुदत दोन वर्षं.

आरजी_सिक्स

वार्षिक की महिन्याचा, यावर अजून कुणी स्पष्ट बोललेलं नाही. माझं मत महिन्याच्या बाजूने. वार्षिक पैसे एकदा भरले की हातातला एकमेव दोर जातो. प्रसारक आणि वितरक यांचं दरावरून वाजलं तर वाहिन्या अचानक जातात. फेब्रुवारी २०२३मध्ये स्टार, झी आणि सोनी यांनी नवे करार न केलेल्या केबल कंपन्यांचे सिग्नल काही दिवस तोडले होते. ते केबलचं होतं, पण तसं भांडण डीटीएचमध्येही होऊ शकतं. महिन्याचा ग्राहक तेवढे दिवस रिचार्ज थांबवू शकतो, वार्षिकवाला बघत बसतो.

हिशोबी

इथे थोडा मतभेद. वयस्कर माणसांच्या घरात दर महिन्याला रिचार्ज संपून टीव्ही बंद पडणं हाही त्रासच आहे, आणि रिचार्जच्या घाईतच ते चुकीच्या लिंकवर जातात. वार्षिक घ्यावा, पण तीन गोष्टी जुळल्या तरच. पहिली, पॅक आधी महिनाभर महिन्याच्या दराने कापून-छाटून घेतलेला असावा, जुना फुगलेला पॅक तसाच वर्षभर पुढे न्यायचा नाही. दुसरी, सूट किमान एका महिन्याच्या बिलाएवढी असावी. ती मोजताना एकूण रकमेला वैधतेच्या दिवसांनी भागा, कारण ‘१२ महिने’ कुठे ३६५ दिवस असतात तर कुठे ३६०. तिसरी, मध्ये वाहिनी बदलता येते का याचं उत्तर लेखी मिळावं. काही दीर्घ मुदतीच्या पॅकमध्ये वाढवता येतं, कमी करता येत नाही.

सहा महिन्यांचा पॅक हा मधला मार्ग आहे. आणि आईबाबा दोन-तीन महिने तुमच्याकडे येऊन राहणार असतील तर तात्पुरतं स्थगित करण्याची सोय मागा. त्याची मुदत, पूर्वसूचना आणि पुन्हा चालू करण्याचं शुल्क कंपनीच्या वेबसाइटवर असतं. मागणी आगाऊ करावी लागते, जाऊन राहिल्यावर नाही.

गल्लीतलं_केबल

केबलवाल्या घरांसाठी भर घालतो, कारण तिथली दुखणी वेगळी. तुमच्या दारात येतो तो स्थानिक ऑपरेटर, त्याच्यावर सिग्नल देणारी मोठी कंपनी, म्हणजे एमएसओ. तुमचा पॅक एमएसओच्या यंत्रणेत नोंदलेला असतो आणि ऑपरेटर रोख पैसे घेऊन जातो. दोन्हींचा मेळ बसतोच असं नाही. बॉक्सचा नंबर घेऊन एमएसओच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपमध्ये ग्राहक म्हणून शिरा. बऱ्याचदा शिरता येत नाही, कारण नोंदवलेला मोबाइल नंबर ऑपरेटरने स्वतःचाच टाकलेला असतो. तो बदलून घेणं हे पहिलं काम. मग तिथे दिसणारी रक्कम आणि तुम्ही देता ती रक्कम शेजारी ठेवा. फरक निघाला तर ऑपरेटरशी शांतपणे बोला, अनेकदा तो गुपचूप सुधारतो. पुढचे पैसे शक्य तर एमएसओच्या पोर्टलवरच भरा, रोख दिलेत तर पावती. बॉक्सचं डिपॉझिट दिलं असेल तर त्याची पावती वेगळी ठेवा, कनेक्शन सोडताना तीच लागते.

फायबरबरोबर टीव्ही असे जोड प्लॅन विकणारे आता वाढलेत. सांगताना ते जोडणी फुकट म्हणतात, पण बऱ्याच ठिकाणी ती सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे आगाऊ भरण्याच्या अटीवर असते. आणि वीज गेली की राउटर बंद, मग इन्व्हर्टरवर टीव्ही चालू असूनही चित्र नाही. राउटरही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या किंवा त्याला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. आईवडिलांच्या घरी हे आधी बघायला हवं, नंतर नाही.

मिरजकर

एक राहिलं. सगळं सोडून फ्री डिश लावली तर?

आरजी_सिक्स

महिन्याचे पैसे शून्य, छत्री-बॉक्सचा खर्च एकदाच. जुनी छत्री आणि वायर धड असेल तर फक्त फ्री टू एअर बॉक्स घेऊन दिशा वर सांगितलेल्या ९३.५ अंश रेखांशाच्या उपग्रहाकडे फिरवायची. बॉक्स एमपेग-४ चा घ्या, नुसत्या एमपेग-२ वाल्यावर काही वाहिन्या दिसत नाहीत. सह्याद्री आणि बातम्या मिळतील. मालिकांच्या मोठ्या पे वाहिन्या मिळणार नाहीत, आणि खासगी वाहिन्यांची यादी लिलावाप्रमाणे बदलत राहते, त्यामुळे आज दिसते ती पुढच्या वर्षी असेलच असं नाही. आईंच्या मालिका ज्या वाहिन्यांवर आहेत त्या आत्ताच्या यादीत आहेत का, ते आधी तपासा.

हिशोबी

त्यातून एक गोष्ट डीटीएचवाल्यांनाही उपयोगी पडते. जुलै २०२४च्या दुरुस्तीनुसार जी वाहिनी फ्री डिशवर मोफत दिसते ती प्रसारकाने सगळीकडे फ्री टू एअर म्हणून जाहीर करायची आहे. फ्री डिशची यादी आणि तुमच्या बिलातल्या पे वाहिन्या समोरासमोर ठेवा. एखादी दोन्हीकडे सापडली तर तिचे पैसे का लावले, हा प्रश्न त्याच नोडल अधिकाऱ्याच्या ईमेलमध्ये वेगळ्या परिच्छेदात लिहा.

मिरजकर

ठरलं. आधी नंबर आणि सेवा, मग महिनाभर सुट्या वाहिन्या, मग सहा महिन्यांचा विचार. नोडल अधिकाऱ्याचं उत्तर आलं की इथेच चिकटवतो.

ग्राहकहक्क

उत्तर चिकटवताना आयडी, मोबाइल नंबर आणि अधिकाऱ्याचं नाव खोडून टाका. आणि उत्तर फोनवर आलं तर ‘हेच ईमेलवर पाठवा’ एवढंच म्हणा, फोनवर तडजोड मान्य करू नका.